त्सुशिमा, मार्गे सावरवाडी

नखाने माईकवर तीन टिचक्या, मग एक लांब फुंकर, मग घसा खाकरणं, तेही माईक चालू ठेवूनच. आणि मग स्टँडभर घुमणारं ते ठरलेलं वाक्य : "सावरवाडी गाडी निघाली हाय. बसा."

गाडी किती वाजता निघाली, आता कुठे आहे, यातलं आमच्या कंट्रोलर साहेबांना काहीही ठाऊक नसायचं. मला असायचं, कारण मी त्या गाडीत असायचे. मी सावरवाडी गाडीची कंडक्टर. ते वाक्य स्टँडवर घुमत असायचं तेव्हा आम्ही बहुधा नांदेडहून स्टँडकडे येतानाच्या रस्त्यावर एखाद्या बाभळीखाली उभे असायचो. ड्रायव्हर सत्तारभाई इंजिनात डोकं घालून इंजिनाशी दखनीत भांडत असायचे आणि मी पॅसेंजरांची बोलणी खात असायचे.

एकदा न राहवून मी विचारलं, "साहेब, गाडीचा पत्ता नसतो अन् तुमी निघाली म्हनून सांगता. खोटं न्हाई का ते?"

"बाई, गाडी कुठून ना कुठून निघालेलीच असती," ते म्हणाले. "येनार हाय म्हटलं की मानूस उभाच ऱ्हातंय, इकडं तिकडं बघतंय. निघाली म्हटलं की खाली बसतंय. अन् बसलेलं मानूस पळून जात न्हाई."

पळून जात नाही म्हणजे जीपमध्ये जात नाही. आमच्या स्टँडच्या फाटकाबाहेर काळ्या-पिवळ्या जीप उभ्या असतात. त्यांचे ड्रायव्हर आत येऊन आमच्या पॅसेंजरांच्या पिशव्याच उचलतात. पिशवी गेली की माणूस मागोमाग जातो. कंट्रोलर साहेबांचं सगळं आयुष्य या पिशव्या जागेवर ठेवण्यात गेलं.

त्यांचं नाव मी सांगत नाही. नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकलीही नाही. लहान चणीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात मात्र बारा महिने रबरी चपला. मी नमस्कार म्हणायचे, ते जयभीम म्हणायचे, आणि दोघांचा दिवस सुरू व्हायचा. दोन पेनांतलं निळं रोजच्या नोंदींचं. लाल रद्द झालेल्या फेरीसाठी. निळी पेनं महिन्याला संपत, लाल मात्र कित्येक वर्षं तेच होतं. फेरी रद्द लिहायची वेळ आली की ते आधी चार फोन लावायचे, मग कुणाच्या तरी हातापाया पडायचे, आणि दोन तास उशिरा का होईना, कुठून तरी एखादी खिळखिळी गाडी उभी करायचे.

तुमच्याही गावच्या स्टँडवर एखादा कंट्रोलर असेल. मान वर न करता "लागली की कळंल" म्हणणारा. आमचे साहेब न विचारताच सांगत सुटायचे. कंधारची गाडी लागली की "कंधारवाले, म्हातारीला आधी चढू द्या." देगलूरची लागली की तेलुगूतही दोन वाक्यं. भोकरला बदली झालेल्या एका मास्तरांना त्यांनी माईकवरून आशीर्वाद दिला होता. वरून दोनदा तंबी आली की माईक फक्त गाड्यांसाठी आहे. ते हाव म्हणायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कुणाला तरी टाळ्या वाजवायला लावायचे.

एका डिसेंबरात वरून कागद आला. सावरवाडी फेरीचं भारमान कमी आहे. भारमान म्हणजे गाडी किती भरते ते. महिनाभर बघू, महिनाअखेरीला तपासनीस येऊन स्वतः त्या फेरीत बसतील, अर्ध्याहून जास्त सीटा भरलेल्या दिसल्या नाहीत तर फेरी बंद.

यात चूक कुणाची, तर खरं सांगायचं म्हणजे आमचीच. गाडीची वेळ चारची. आम्ही पोचायचो पाऊण तास, एक तास उशिरा. तोवर बाजारकरी जीपने निघून गेलेले असायचे. राहायच्या फक्त कॉलेजच्या मुली. सावरवाडी आणि पुढच्या दोन तांड्यांवरच्या मिळून चौदा जणी.

मी म्हटलं, "होऊ द्या की बंद. त्या रस्त्यानं माझे मनके ढिले झालेत."

साहेबांनी पेनाने खिडकीबाहेर दाखवलं. बाकावर मुली बसल्या होत्या. त्यातली प्रज्ञा नावाची उठून खिडकीशी आली. तिने कागदाचं ऐकलं होतं.

"खरंच बंद करायलेत का, साहेब? माझे बाबा जीपीत बसू देत न्हाईत. लोंबकळत जावं लागतंय. गाडी बंद झाली की माझं कालिज बंद."

"निघाली हाय," साहेब म्हणाले. "जा, बस."

ती त्यांना "गाडी ही काय लागलीय" असं म्हणणार होती, पण जाऊन बसली. मलाही नंतर घरी जेवण गोड लागलं नाही.

चार-पाच दिवसांनी आम्ही नेहमीप्रमाणे पन्नास मिनिटं उशिरा स्टँडात शिरलो. मी तोंड तयारच ठेवलं होतं. एकाने म्हटलं की दोन म्हणायची. दार उघडलं आणि बघते तर पंचवीस-तीस माणसं उभी, आणि सगळ्यांचे चेहरे रागावलेले.

पारूबाई सगळ्यात पुढे. ही सावरवाडीची, डोक्यावर माळव्याची पाटी, जिभेला हाड नाही. ती मला म्हणाली, "आजच कामून लवकर आली गं? जहाजं आत्ता कुठं निघाली व्हती."

"कसली जहाजं?"

"रशियाची. सरक, बसू दे."

गाडीत मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. साहेबांकडे बेवारस सामानाचं कपाट होतं. गाडीत राहिलेल्या छत्र्या, डबे, एक कवळी. त्यात एक पुस्तक होतं, पुढची पानं नाहीत, शेवटची पानं नाहीत. त्यात सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका दर्यायुद्धाची हकीकत. रशिया आणि जपान यांची लढाई लागलेली. पूर्वेला समुद्रकाठी रशियाचं एक बंदर जपानने वेढलेलं. ते सोडवायला रशियाने आपलं आरमार पाठवलं, तेही जगाच्या पार दुसऱ्या टोकाच्या समुद्रातून. अर्ध्या पृथ्वीला वळसा. सात महिन्यांची वाट. आणि साहेब ती हकीकत चार वाजल्यापासून आमची गाडी येईपर्यंत माईकवर सांगत होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "हे लोक हरनार हायत. आधीच सांगून ठिवतो, मागून तक्रार नको."

आता बघा माझं नशीब. सगळं स्टँड ती गोष्ट ऐकत होतं आणि ऐकू शकत नव्हते ते फक्त आम्ही दोघं, मी आणि सत्तारभाई. आमची गाडी फाटकात दिसली की गोष्ट थांबायची. आमच्यामुळेच ती चालू होती आणि आमच्यामुळेच बंद पडायची. मी तिकिटं फाडता फाडता विचारत जायचे. मशीनमधून फाडायची तिकिटं, पण आमच्याकडे शब्द तोच.

"कुठवर गेली?"

"कोळसा भरायलेत," मागच्या सीटवरून उत्तर यायचं. "डेकवर कोळसा, झोपायच्या खोलीत कोळसा. वाटंत बंदरं आपल्या वळखीची न्हाईत ना. जेवनात सुदिक कोळसाच."

"साहेब लोकांच्या खोलीत पन भरला," पारूबाई म्हणायची. तिला ते फार आवडलं होतं.

एक दिवस गाडीत हसू आवरत नव्हतं. वाटेत सुरुवातीच्याच एका समुद्रात या आरमाराने अंधारात कोळ्यांच्या होड्यांना जपानी समजून तोफा डागल्या होत्या. "जपान कुठं, हे कुठं," एक जण म्हणाला, "आमच्या मेव्हन्यावानी. भुईमुगाच्या शेंगांना साप म्हनून काठी हानली." दुसऱ्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. त्या होड्यांत माणसं मेली होती, ते साहेबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

जहाजं जुनी. काही नवी, पण घाईत बांधलेली. खलाशी निम्मे शेतावरून उचलून आणलेले. तळाला शेवाळ आणि गवत वाढून ती रोज थोडी आणखी हळू चालायची. सत्तारभाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्टेअरिंगवर हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, ये तो अपनी गाडी की बात कर रहें."

पंधरा दिवसांत गाडी दाटीने भरायला लागली. जीपवाले आत येऊन पिशव्या उचलायचे, आणि पॅसेंजर खेकसायचे, "ठेव खाली, आफ्रिका आलीय." त्यातले दोघे मग पिशवी ठेवून तिथेच ऐकत उभे राहायचे.

कॉलेजच्या एका पोराने मोबाईलवर सगळं शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागला की अमुक-अमुक दिवशी रशियाचा धुव्वा उडाला. साहेबांनी खिडकीतूनच माईक त्याच्याकडे वळवला.

"हरले, हे तर मी पयल्याच दिवशी सांगितलं. कशापायी गेले, कसे गेले, ते हाय का त्यात?"

पोराने मोबाईल खालीवर करून बघितला. "न्हाई. दोनच ओळी हायत."

"मंग बस."

त्यांचं हे असंच होतं. जिंकणाऱ्यांचं त्यांना काही पडलं नव्हतं. "जपानवाले आपल्या अंगनात उभे व्हते," ते म्हणायचे. "जेवून, झोप काढून. त्येंचं काय सांगायचं? सात महिने चालून आले ते ह्ये."

सगळ्यात मोठी भांडणं झाली ती आफ्रिकेजवळच्या एका बेटावरून. आरमार तिथे अडकून पडलं होतं. उकाडा, आजारपण, करमणुकीला खलाशांनी माकडं आणि पोपट पाळलेले. आणि तिथेच बातमी आली : जे बंदर सोडवायला निघालो ते पडलं. संपलं. आता सोडवायला काही उरलंच नाही.

त्या दिवशी माझ्या गाडीत तिकिटं बाजूला राहिली. पारूबाई म्हणत होती, "मंग माघारी फिरावं की. मायबाप वाट बघत असतील." एक पेन्शनर म्हणत होते की सरकारी हुकूम, फिरता येत नाही. प्रज्ञा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

"फिरून कुठं जायचं? पुन्हा तेवढीच वाट. अन् घरी गेल्यावर सांगायचं काय, अर्ध्यातून आलो म्हनून?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सांगितलं, ते पुढे निघाले, आता त्याच बाजूच्या रशियाच्या दुसऱ्या बंदराकडे. आपल्या हिंदुस्थानच्या खालून गेले. पारूबाईला वाटलं, आपल्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

महिना संपत आला. पुस्तक धुक्यापाशी संपत होतं. समोर त्सुशिमाची सामुद्रधुनी, एकीकडे जपान, एकीकडे कोरिया, आणि पुढचं पान नाही. साहेब आपल्या सुट्टीच्या दिवशी आमच्याच गाडीने नांदेडला गेले, तिथल्या एका वाचनालयात दिवसभर बसले. परत येताना मी विचारलं, मिळालं का.

"मिळालं. दहा पानं जिंकनाऱ्याची. हरनाऱ्याचं इथं दोन ओळी, तिथं दोन ओळी. येचून आनलंय." त्यांनी खिशातून शाळेच्या नकाशाचा कागद काढला. त्यावर सगळी वाट लाल पेनाने ओढलेली. "लाल पेन संपलं बघा."

तपासनिसांचा दिवस आणि लढाईचा दिवस साहेबांनी एकच धरला होता. बेत एकदम पक्का. चारला सुरू करायचं, आमची गाडी येणार पावणेपाचला, तोवर लढाई संपवायची, आणि भारावलेली सगळी माणसं तशीच गाडीत चढवायची. स्टँड तीनलाच भरलं. सलूनवाला वस्तरा टाकून आला. जीपवाल्यांनी इंजिनं बंद केली.

आणि आम्ही काय केलं? साहेब अडचणीत येऊ नयेत म्हणून सत्तारभाई पहाटेच आगारात जाऊन बसले. मेकॅनिककडून एक-एक नट आवळून घेतला. मी वाटेत कुणालाही दोन मिनिटं जास्त उभं राहू दिलं नाही. आणि ती गाडी तिच्या आयुष्यात पहिल्यांदा बरोबर चारला फलाटावर लागली.

"क्या बाई," सत्तारभाई छाती फुगवून म्हणाले, "टायमपे."

मी दार उघडलं. कुणी येईना. स्टँडवर चारशे-पाचशे माणसं, सगळ्यांची तोंडं कर्ण्याकडे. साहेब नुकते धुक्यात शिरले होते. चौदा मुली चढल्या, त्याही मागे बघत बघत. आणखी तिघं आली. तपासनीस येऊन पुढच्या सीटवर बसले, त्यांनी मांडीवर कागद ठेवला. सतरा माणसं. अर्ध्या सीटाही भरल्या नव्हत्या.

मी खाली उतरून ओरडले, "अहो चढा की, सावरवाडी लागली."

"तुमी व्हा पुढं, बाई," माझा रोजचा पॅसेंजर मला म्हणाला. "आमी जीपनं येतो मागून."

महिनाभर उशिरा येऊन भरलेली गाडी एक दिवस वेळेवर येऊन रिकामी जाणार होती. साहेबांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मग ते माईकवर म्हणाले, "सावरवाडी गाडी लागली हाय. चढा. गोष्ट संपली."

"कशी काय संपली?" सगळं स्टँडच म्हणालं.

माईकवर खट् असा आवाज आला. बंद. मग केबिनचं दार उघडलं. ड्यूटीवर असताना त्या दाराबाहेर त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. रबरी चपला फटफट वाजवत ते फलाट ओलांडून आले, माझ्या गाडीत चढले, आणि दांडा धरून उभे राहिले.

"डबल घंटी मारा, बाई," ते म्हणाले. "ज्याला ऐकायचंय त्यो येईल."

मी दोरीला हात घातला मात्र. पुढचं मला नीट सांगताही येणार नाही. दारातून, मागच्या संकटकाळच्या खिडकीतून, जिथून वाट मिळेल तिथून माणसं आत आली. पारूबाईने पाटी तपासनिसांच्या पायावर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसली. सलूनवाल्याचं घर स्टँडच्याच गावात, तरी त्याने सावरवाडीचं तिकीट मागितलं. दोन जीपवाल्यांनी मागितलं. सीटा कधीच भरल्या, मग उभ्याचीही जागा संपली. शेवटी मी दार ओढून घेतलं. बाहेर राहिलेले खिडक्यांना धरून दूरपर्यंत पळत आले.

आणि मी पहिल्यांदा त्यांची गोष्ट ऐकली.

"धुकं व्हतं," ते म्हणाले, माईक नाही, साधा आवाज. "धुक्यातून गपचीप निसटायचं. सगळ्या जहाजांचे दिवे बंद. पन मागं एक दवाखान्याचं जहाज. त्येचे दिवे चालू. जपानच्या टेहळनीवाल्यानं त्योच दिवा बघितला."

"कशाला चालू ठिवले?" मागून कुणीतरी चिडून म्हणालं.

"आजारी मानसं व्हती त्यात. दवाखान्यानं दिवे लावूनच चालायचं, असा कायदा. लपून चाललं तर त्येच्यावर बी गोळे पडतेत. आता चूक कुनाची म्हनता?"

गाडी खड्ड्यांतून हेलकावत होती आणि सत्तारभाईंनी वेग कमी केला होता.

"दुपारी दोनच्या सुमाराला ते दिसले. आपन असे एकामागं एक रांगंत. अन् ते समोरून आडवे गेले." त्यांनी हाताने दाखवलं. "मागच्या सीटवाल्यांनी सांगा, तुमाला समोर काय दिसतंय?"

"पुढच्याचं डोस्कं."

"तसंच. त्येंच्या सगळ्या तोफांची तोंडं आपल्याकडं, अन् आपल्यातल्या पुढच्यांनीच झाडायचं. मागच्यांना आपलीच जहाजं आडवी."

आपली, म्हणाले ते. गाडीत सगळे आपलीच म्हणत होते. मुख्य जहाजाचं सुकाणू अडकलं, ते गोल गोल फिरायला लागलं. मागच्याला आधी वाटलं, वळायचा हुकूमच आहे. एक जहाज उलटलं. डेकवर आग, वर खाली आग. मुख्य जहाजाच्या डोलकाठ्या गेल्या, धुराडी गेली, तोफा एकेक करून बंद पडल्या.

"शेवटी मागच्या अंगाची एक बारकी तोफ ऱ्हायली," साहेब म्हणाले. "बुडंपतूर ती चालूच व्हती. कोन चालवत व्हतं त्येचं नाव मी लई हुडकलं. न्हाई मिळालं."

पारूबाईने पदर तोंडाला लावला. एक जीपवाला खिडकीबाहेर बघायला लागला. माझ्या हातातलं मशीन तसंच होतं, अर्ध्या गाडीची तिकिटं व्हायची होती, आणि शेजारी तपासनीस बसले होते. त्यांनीही मला आठवण केली नाही.

रात्री लहान होड्यांनी येऊन आणखी बुडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्यांनी शरणागती दिली. सात महिन्यांची वाट दीड दिवसात संपली.

सावरवाडीचं वळण आलं. सत्तारभाईंनी गाडी जवळजवळ उभीच केली.

"तीन पोचली," साहेब म्हणाले.

"कुठं?" प्रज्ञाने विचारलं.

"जिथं जायचं व्हतं तिथं. आपल्या त्या दुसऱ्या बंदरात. लहान व्हती, त्येंच्याकडं कुनाचं ध्यान नव्हतं. लढाईतून निसटून तीन जहाजं पोचली."

"पोचली ना," पारूबाई म्हणाली. "झालं तर मग." आणि ती मोठ्याने रडली.

सावरवाडीच्या पारावर आमची गाडी रिकामी झाली तेव्हा गावाला वाटलं कुणाचं तरी लग्न लागलंय. शंभराच्या आसपास माणसं, निम्म्यांची गावात ओळख नाही, डोळे लाल. कुणीतरी चहाचं आधण ठेवलं. तपासनीस साहेबांजवळ आले.

"ड्यूटी सोडून आलात तुम्ही."

"हाव."

"का?"

"माईकची वायर इथपतूर येत न्हाई, साहेब."

तपासनिसांनी कागदावर माणसांचा आकडा लिहिला. खाली आणखी एक ओळ लिहिली, ती माझ्यापासून लपवली नाही : नियंत्रक जागेवर नव्हते. मग पेन खिशात ठेवताना त्यांनी हळूच विचारलं, "त्या आरमाराच्या मुख्य साहेबाचं काय झालं?"

"जखमी झाला. कैद झाला. जिता ऱ्हायला."

फेरी वाचली. आजही चालू आहे. साहेबांना वाचवता आलं नाही. तपासनिसांची ती एक ओळ कदाचित फाइलमध्ये दबून गेली असती, पण त्या दिवशी निम्मं स्टँड मोबाईल वर धरून उभं होतं. केबिन उघडी, फोन वाजतोय, तीन गाड्या न सांगता आल्या-गेल्या, हे सगळं दोन दिवसांत जिल्हाभर फिरलं. लोकांनी ते कौतुकानेच पाठवलं होतं. साहेबांना आरोपपत्र मिळालं आणि बदली झाली लातूरच्या पलीकडे एका आगारात, मागच्या खोलीत, जिथे माईक नव्हता. मला राग आला. माझ्या वेळेवर येण्याचा राग मला अजून येतो. साहेबांना ते बोलून दाखवलं तर ते हसायचे. "एक डाव तरी येळंवर आल्या, बाई. मी रजिस्टरला निळ्या पेनानं लिवलंय."

ते तिथूनच निवृत्त झाले. मागच्या पावसाळ्यात गेले. मला आठ दिवसांनी कळलं, तेही लातूर गाडीच्या कंडक्टरकडून. प्रज्ञा आता नांदेडला शिकते. पारूबाई रोज गाडीत बसल्यावर अजून विचारते, ती तीन पुढं काय करत असतील.

पण मला ते आठवतात ते बदलीच्या दिवशीचे. लातूरची गाडी दुपारी तीनची. आम्ही स्टँडात शिरलो पावणेपाचला, आणि साहेब फलाटावर उभे होते. पायाशी पत्र्याची पेटी, पेटीच्या कडीवर हात. त्यांची गाडी आलीच नव्हती. बाकांवर आमचे सगळे पॅसेंजर बसलेले. गोष्ट कुणी सांगत नव्हतं, कर्णा गप्प होता, फाटकाबाहेर जीप रिकाम्या उभ्या होत्या, आणि तरी एकही माणूस गेला नव्हता.

मी उतरून त्यांच्याजवळ गेले. "साहेब, सुरुवातीचं मला तुमी कधी सांगितलंच न्हाई. मी पारूबाईकडून ऐकलं सगळं."

"तुमी नव्हत्या म्हनून तर सांगत व्हतो," ते म्हणाले.

आमची गाडी लागलेली, पण कुणी चढेना. मी घंटी मारली नाही. सत्तारभाईंनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. साडेपाच वाजले. साहेब तसेच उभे. मान लांब करून फाटकाकडे बघायचे, पुन्हा पेटीकडे बघायचे. तीस वर्षं त्यांनी माणसं अशी उभी राहू दिली नव्हती.

खिडकीत नवे कंट्रोलर होते. तरुण, शिस्तीचे, कागदाबाहेर एक शब्द न बोलणारे. सगळं स्टँड आपल्याकडे बघतंय हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. त्यांनी फोन उचलला, ठेवला. मग माईक जवळ ओढला.

कर्ण्यातून नखाच्या तीन टिचक्या ऐकू आल्या. मग एक फुंकर.

"लातूर गाडी निघाली आहे," नवा आवाज म्हणाला. "बसा."

साहेबांनी कडीवरचा हात काढला, पेटी बाकाखाली सरकवली आणि ते बसले.